मुलाचं ठिकाण आणि देवगिरीची अंधारी

संरक्षणशास्त्राचा मास्तर घाबरट असतो, हे मी स्वतःवरून सांगतो. सांगलीच्या कॉलेजात मी तीस वर्षं हा विषय शिकवला. युद्धं शिकवली, तह शिकवले, नकाशांवर बाण काढून मुलांच्या वह्या भरवल्या. पण घरी फोन वाजला की पहिल्या घंटेला उचलायची हिंमत होत नाही. आमचा निखिल फौजेत अधिकारी झाला, तेव्हापासूनची ही गत आहे.

या एप्रिलमध्ये मी तीन दिवसांसाठी छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो. वेरूळ पाहून आलो असतो तर तुम्हाला लेण्यांबद्दल चार शब्द सांगितले असते, पण वेरूळ राहिलंच. लोक विचारतात काय काय पाहिलं, तेव्हा मी एक किल्ला आणि एक चौक, एवढंच सांगतो. त्या चौकाबद्दल अजून कुणाला पुरतं सांगितलेलं नाही.

निघालो तेव्हा दिवस बरे नव्हते. सीमेवर काहीतरी शिजतंय असं सगळे म्हणत होते आणि टीव्हीवरची माणसं तर युद्ध जिंकून मोकळी झाली होती. निखिलचा अकरा दिवस फोन नव्हता. तो कुठे आहे ते मात्र आम्हाला माहीत होतं. शेवटच्या फोनवर मी फारच मागे लागलो म्हणून त्याने एका ठिकाणाचं नाव सांगितलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात त्याच्या शाळेच्या दिवसांपासूनचा भारताचा नकाशा टांगलेला आहे. माझी बायको सुनंदा रोज देवपूजा झाली की कुंकवाचं बोट त्या नकाशावर, बरोब्बर त्या ठिकाणी टेकवते. मी निघालो त्या सकाळीही तिने ते टेकवलं आणि माझ्या हातावर दही ठेवलं.

पहिला दिवस: शाल आणि श्रीफळ

मला बोलावणारा विठ्ठल शेळके माझा जुना विद्यार्थी. आता तिकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. घर बिडकीनला, थोडी शेती, धाकटा भाऊ तिथल्याच एका कारखान्यात. स्टेशनवर त्याने भर गर्दीत वाकून नमस्कार केला आणि माझी बॅग हातात घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा देतात. विठ्ठलने मला थेट नान-खलियाच्या हॉटेलात नेलं. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

हळदीसारखी पिवळी, जाडजूड नान आणि तिच्याबरोबर तर्रीदार मटण. आमच्या तांबड्या-पांढऱ्याची सवय असलेल्या माणसाला हा रस्सा आधी सौम्य वाटतो आणि तिसऱ्या घासाला घाम फोडतो. दिल्लीच्या सुलतानाने राजधानी इथे हलवली तेव्हा फौजेसाठी मोठ्या देगांमध्ये शिजवायचा हा पदार्थ, असं म्हणतात. फौज गेली, सुलतान गेला, जेवण तेवढं राहिलं. विठ्ठलने मला तीन वेळा वाढून घ्यायला लावलं आणि मीही भिडेला बळी पडलो.

दुपारी व्याख्यान होतं. विषय माझ्या आवडीचा, देशाची संस्कृती आणि देशाचं युद्धतंत्र. आता सत्काराशिवाय आपल्याकडे कुणाला बोलू देत नाहीत. शाल झाली, श्रीफळ झालं, मग परिचय सुरू झाला. प्राचार्य कागद वाचत होते. माझं शिक्षण, माझे निबंध, माझे पुरस्कार. मग आवाज चढवून त्यांनी वाचलं की सरांचे चिरंजीव आज या घडीला सीमेवर तैनात आहेत. पुढे त्याचा हुद्दा, त्याची पलटण आणि त्या ठिकाणाचं नाव. गेल्या महिन्यात त्यांना पुढच्या ठाण्यावर हलवलंय, हेसुद्धा. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. जयजयकार झाला. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. नारळ हातात घट्ट धरून मी डोळे पुसले.

तो कागद माझ्याच अक्षरातला होता. विठ्ठलने आठवड्यापूर्वी परिचय मागवला होता आणि मी वळणदार अक्षरात दोन पानं लिहून त्यांचा फोटो पाठवला होता. मुलाचा हुद्दा नसलेला परिचय आपल्याकडे अर्धवट वाटतो. जावई अमेरिकेत असला तरी लिहितात, हा तर सीमेवर होता.

मग मी बोलायला लागलो. प्रत्येक देश दुसऱ्याला स्वतःच्या सवयींवरून ओळखायला जातो आणि फसतो, हे मी दरवर्षी सांगतो. आपण भांडणात आधी गप्प बसतो. आपल्या लेखी तो पोक्तपणा असतो, समोरच्याला ती भीती वाटते. समोरचा मोठमोठ्याने धमक्या देतो, तो बहुतेकदा स्वतःच्याच लोकांना ऐकवत असतो आणि आपण ते खरं धरून बसतो. अशा चुकीच्या वाचनातून माणसं मरतात. त्यामुळे हुशार शत्रू आपल्या तोफा मोजण्याआधी आपल्या सवयी मोजतो. आपण लग्नात काय मिरवतो, चौकात काय बोलतो, कशाने फुगतो.

हे वाक्य बोलता बोलता मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. एक मुलगी फोन उभा धरून सगळं टिपत होती. तिच्या बाजूला रंगीत ठोकळा लावलेला माइक घेऊन स्थानिक वाहिनीचा एक वार्ताहर बसला होता.   पुढची वीस मिनिटं मी काय बोललो ते आठवत नाही. विठ्ठल म्हणतो चांगलं बोललात.

खाली उतरताच मी त्या मुलीला गाठलं. तिने बिचारीने लगेच सगळं पुसलं आणि मलाच सॉरी म्हणाली. वार्ताहराला मात्र कळेना की मला नक्की काय नको आहे. त्याने तेवढ्यात परिचयाचा तुकडा वाहिनीच्या पानावर टाकला होता आणि लोक हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. मी त्याचा हात धरला. साठी उलटलेल्या माणसाने हात धरला म्हणून त्याने तो तुकडा काढून टाकला, पण जाता जाता म्हणाला की सर, चार-पाच ग्रुपांवर गेलंय, ते आता माझ्या हातात नाही.

विठ्ठलला माझी घालमेल दिसत होती. तो म्हणाला, "सर, तुमी लई मनावर घेऊ नका. लोकायला अभिमान हाय. इथलं कोण तिकडं बघतंय?"

कोण बघतंय, हेच तर मी तीस वर्षं शिकवत होतो. खोलीवर गेल्यावर मी शाल घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवली. सुनंदाचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं की सत्कार छान झाला.

दुसरा दिवस: अंधारी

सकाळी विठ्ठल मला देवगिरीला घेऊन गेला. किल्ला पाहून सरांचं मन रमेल, असा त्याचा साधा हिशेब. वाटेत मी दर मिनिटाला फोन पाहत होतो.

सह्याद्रीतले आमचे किल्ले डोंगराच्या उंचीवर विसंबून असतात. हा किल्ला माणसाच्या स्वभावावर विसंबून आहे. डोंगराच्या कडा तासून उभ्या केल्यात, खाली दगडात खोदलेला खंदक, आणि वर जायला वाट एकच. ती वाट डोंगराच्या पोटातून जाते. तिला अंधारी म्हणतात. आम्हाला दाखवायला रफिकभाई नावाचे वाटाडे मिळाले. वय माझ्याएवढं, दाढी मेंदीने रंगवलेली, हातात जुनी बॅटरी. चाळीस वर्षं तोच जिना चढतायत.

आत शिरताच वटवाघळांचा उग्र वास आला. पायऱ्या लहान-मोठ्या आहेत, एकसारखी एकही नाही. तेही मुद्दाम, कारण चढणाऱ्याचा पाय सवयीने पडतो. अर्ध्यात गेल्यावर रफिकभाईंनी आम्हाला थांबवलं आणि बॅटरी विझवली. असा अंधार मी पाहिला नव्हता. स्वतःचा हात दिसेना. विठ्ठल जवळच होता, पण तो कुठल्या बाजूला आहे हे कळेना.  हळूहळू डावीकडे उजेडाचा एक ठिपका दिसला आणि मला कळायच्या आत माझं पाऊल तिकडे पडलं.

रफिकभाईंनी माझा दंड पकडला. "बस साब, वहींच रुको. सब उधरीच जाते. अंधेरे में आदमी उजाले कू जाता, ये उसकी आदत. वो उजाला नीचे खंदक में गिराने के वास्ते रखा है. बनानेवाले ने पत्थर बाद में काटा, पहले आनेवाले का दिमाग पढ़ा."

बॅटरी लागल्यावर पाहिलं. पुढे खरंच कडा होता, आता जाळी लावलेली.

एवढा हुशार किल्ला पडला कसा, ते रफिकभाईंनी बाहेर येऊन सांगितलं. उत्तरेची फौज आली तेव्हा राजाचं मुख्य सैन्य लांब गेलं होतं. आलेल्यांनी हूल उठवली की आम्ही नुसते पुढे आलोय, खरी फौज मागून येतेय. पुढे राजाच्या मुलाने त्यांना जवळजवळ हटवलंच होतं, तेवढ्यात लांबवर धूळ उठली. थोडेच घोडेस्वार होते ते, पण किल्ल्यातल्या लोकांना वाटलं, आली मोठी फौज. ऐकलेलं तोंडपाठ होतं, म्हणून धुळीत तेच दिसलं. आणि कोठारात धान्य म्हणून घाईने चढवलेली पोती उघडली तर आत मीठ. ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिची भीती वाटली.

फोनला रेंज आली आणि तो थरथरला. अंधारीत असताना एका अनोळखी नंबरावरून फोन येऊन गेला होता. मी उलट लावला. नंबर अस्तित्वात नाही. पुन्हा लावला. तेच. चहाच्या टपरीवर चार माणसं एका फोनवर बातम्या पाहत होती. विठ्ठल मला चहा देत होता, तेवढ्यात बातमीदार बाईने त्या ठिकाणाचं नाव घेतलं. सुनंदा कुंकू लावते त्या ठिकाणाचं. तिथे पहाटेपासून गोळीबार सुरू होता.

मी खाली बसलो. दगडावर, उन्हात, आहे तिथेच. शास्त्र सांगत होतं की काल दुपारी सभागृहात बोललेलं आज पहाटे तोफेत उतरत नाही. हे मी विद्यार्थ्याला पटवून देऊ शकलो असतो. पण दोन पानं वळणदार अक्षरात मीच लिहिली होती, पुढच्या ठाण्यासकट. ते नाव आणि ही बातमी मला वेगळी काढता येईना. रफिकभाईंनी माझ्या डोक्यावर स्वतःचा रुमाल धरला. कुणाचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही.

मी विठ्ठलला म्हणालो की अजून कुठे कुठे ते नाव छापलंय, ते मला आत्ताच्या आत्ता सांग.  तो खाली बघत म्हणाला, "सर, एक फ्लेक्स हाय. बिडकीनच्या चौकात. तुमाला संध्याकाळी सरप्राइज द्यायचं व्हतं."

बिडकीनचा चौक

शहर मागे पडलं. कारखान्यांसाठी आखलेले रुंद, रिकामे रस्ते लागले, मग एकदम गावाची गर्दी.  मध्येच एका कारखान्याचा भोंगा वाजला आणि मी गाडीचं दार घट्ट धरलं. पाळी सुटली असेल, एवढंच.

चौकात फ्लेक्स होता. दोन माणसांच्या उंचीचा. आमच्या गुरुवर्यांचे सहर्ष स्वागत. एका कोपऱ्यात मी, आणि मधोमध माझ्याहून मोठा निखिल, गणवेशात. तो फोटो माझ्याच व्हॉट्सॲपवरून घेतलेला. खाली हुद्दा, पलटण, ठिकाण, लाल अक्षरांत. वरच्या बाजूला विठ्ठलचे दहा-बारा मित्र हात जोडून. गेले चार दिवस तो तिथे होता. फ्लेक्सखाली उभी राहून पोरं फोटो काढत होती.

जिने तो छापला तिचं दुकान समोरच होतं. ज्योती खरात. तिशीची, दुकानात बाबासाहेबांची तसबीर, तिला ताज्या फुलांचा हार.  काय झालं ते विठ्ठलनेच तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं नाही. पहिल्या दोन वाक्यांतच शिडी उचलली आणि स्वतः वर चढली. दोऱ्या कापल्या, फ्लेक्स धाडकन खाली आला. लोक जमले. एक जण म्हणाला फौजीचा फोटो उतरवता का. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली की ज्यांनी लावला त्यांनीच सांगितलंय.

दुकानात आणून तिने तो जमिनीवर पसरला. जुने फ्लेक्स लोक शेडवर टाकायला नेतात, पण हा मी कुणाला देणार नाही, असं म्हणाली. मोठ्या कात्रीने तिने खालची लाल ओळ कापली आणि तिचे इतके बारीक तुकडे केले की एक अक्षर जुळू नये. मग निखिलच्या फोटोभोवती सावकाश कात्री फिरवली, गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

"मी छापायलाच नव्हतं पाहिजे," ती म्हणाली. "आमचा दादा बी फौजेत हाय. कुठं हाय ते आम्हाला म्हाईत नाय. आई फोनवर एवढंच विचारती, थंडी हाय का तिथं. त्यो म्हणतो हाय. बस्स."

मी तिला पैसे विचारले तर तिने नुसती मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. लग्नाचा फ्लेक्स होता. नवरदेवाचं नाव मोठं करायचं होतं.

जेवायला विठ्ठलच्या घरी गेलो. त्याच्या आईने गूळ आणि पाणी पुढे केलं. ही पद्धत आमच्याकडे जवळजवळ संपली आहे. ज्वारीची पातळ भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, वर कच्चा कांदा. आमटीचा वास इतका खमंग होता की एरवी मी दोन वाट्या प्यायलो असतो. पण वाटी तशीच होती. टीव्ही लावू नका असं मी सांगितलं होतं, म्हणून शेजारच्या घरातला ऐकू येत होता. विठ्ठल माझ्यासमोर बसून ताटातली भाकरी नुसती मोडत होता. शेवटी म्हणाला, "सर, चूक माझी हाय." मी म्हणालो, कागद माझा होता.

तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. पहिल्या घंटेला उचलायची हिंमत मला नसते. विठ्ठलच्या आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी उचलला.

"बाबा," निखिल म्हणाला.

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, उष्ट्या हाताने. तो हॅलो हॅलो करत राहिला. मग मी सगळं सांगून टाकलं. परिचय, शाल, वार्ताहर, फ्लेक्स. वाटलं होतं चिडेल. तो हसला. थोडंसंच, पण हसला.

"तुम्ही कुठेतरी सांगणार हे मला माहीतच होतं," तो म्हणाला. "माझे दहावीचे मार्क तुम्ही दूधवाल्याला सांगितले होते, बाबा. तिथे मी नाही. कधीच नव्हतो. रोज पेपरात येणारं नाव दिलं तुम्हाला. सांगायला बरं."

मी हातातला घास ताटात ठेवला. तिथे आज गोळीबार झाला, एवढंच म्हणालो.

"हो," तो म्हणाला आणि गप्प झाला. त्याचा तो गप्पपणा मला कळला. तो नव्हता, पण कुणीतरी होतंच.

मग तू कुठे आहेस, हे माझ्या ओठांवर होतं. ते गिळलं. ज्योतीच्या आईसारखं विचारावं म्हटलं, थंडी आहे का तिथं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. थंडी असली तर डोंगर, नसली तर वाळवंट, मला तेवढ्यावरून कळलं असतं. आणि मला कळलेलं माझ्याकडे राहत नाही, हे आता आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"जेवलास का?" मी विचारलं.

"जेवलो," तो म्हणाला. फोन तुटला.

घरी

परतीच्या प्रवासात ती गुंडाळी मी मांडीवर धरून बसलो होतो. काय आहे हो त्यात, असं शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. कागद आहेत, म्हणालो. इतकं कमी मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

सुनंदाला सगळं सांगितलं. सत्कारापासून. ती रागावली नाही, फक्त एकदा म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी कुठे लावत होते?" मग तिने गुंडाळी उलगडली, निखिलच्या गालावरची घडी हाताने सारखी केली आणि ती कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर ती नकाशासमोर उभी राहिली. कुंकवाचं बोट वर गेलं, बर्फाकडे. तिथून खाली वाळवंटापर्यंत आलं, पुन्हा वर गेलं. कुठेच टेकेना. जुना ठिपका पुसावा असं माझ्या मनात आलं, पण कुंकू पुसायला माझा हात उठेना, आणि तिला सांगायला जीभ रेटेना. बऱ्याच वेळाने तिने बोट पुन्हा त्याच जुन्या जागी टेकवलं. "कुणाचा तरी असेलच की तिथे," ती म्हणाली.

मग पदराला बोट पुसत तिने विचारलं, "आता बातम्यांत कुठलं नाव बघायचं?"

मी टीव्ही लावला आणि तिच्या शेजारी बसलो. पूर्वी एक नाव आलं की आमचा जीव वर यायचा, बाकीची नावं निघून जायची. आता खालच्या पट्टीवर जे नाव येतं, ते पुढे सरकेपर्यंत आम्ही दोघं हलत नाही.